कोयत्या पोलोन्योचा एकच शब्द

गिऱ्हाईक खुर्चीत बसताना थोडं घाबरलेलं असलं, तरच यानो दिमाहुलीला दाढी करायला हुरूप यायचा. ते घाबरावं अशी सगळी व्यवस्था त्याने करून ठेवली होती. दुकानाच्या पाटीवर ‘कोयत्याचे वंशज : दाढी, कटिंग, मालिश’ असं लिहिलेलं होतं आणि खाली रक्ताचे थेंब रंगवलेले होते. रंगाऱ्याने ते टोमॅटोसारखे काढले होते, पण भावना पोचत होत्या.

यानोचा खापरपणजोबा (की त्याच्याही मागचा कुणी, यावर घरात एकमत नव्हतं) म्हणजे अपोलोन्यो दिमाहुली, उर्फ कोयत्या पोलोन्यो. फिलिपिन्सवर स्पॅनिश राज्य असताना त्याने अकरा मुडदे पाडले होते. बातांगास प्रांतात सान अनिसेतोच्या एका बाजूच्या गावाला तळं आहे, दुसऱ्या बाजूच्या गावाला ज्वालामुखी आहे. सान अनिसेतोला पोलोन्यो होता. गावाने त्याच्यावरच भागवलं होतं, आणि बरं भागत होतं.

दिमाहुली या आडनावाचा अर्थ ‘जो पकडला जात नाही’. तो पकडला गेला, आणि तोही सभ्यपणामुळे. रानात लपून लपून भूक अनावर झाली तेव्हा तो गावच्या एका घरापाशी आला. आत शिपाई दबा धरून बसले होते. पोलोन्योने पायरीशी खडावा काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि हाक दिली, “ताओ पो!” म्हणजे, माणूस आहे हो! परक्या घरात शिरताना आमच्याकडे ही हाक द्यावीच लागते, नाहीतर आतल्यांना वाटायचं भूत आलं. आतून कुणीतरी म्हणालं, “या, या.” तो गेला. त्या खडावा अजून नगरपालिकेच्या संग्रहालयात आहेत. दोन्ही डाव्या पायाच्या आहेत, पण त्यावर कुणी बोलत नाही.

मग स्पॅनिश अधिकाऱ्याने मनिलाहून आणलेल्या दुभाष्यामार्फत विचारलं, “त्या अकरांना तूच मारलंस ना?” पोलोन्योने एकच शब्द उच्चारला.

“बका.”

कदाचित.

एवढंच. ना गयावया, ना शिवी. अकरा खून केलेला माणूस म्हणतो कदाचित! या एका शब्दावर सान अनिसेतो शंभरावर वर्षं खूश होतं. गावच्या कमानीवर लिहिलेलं होतं, ‘सान अनिसेतोत आपले स्वागत आहे. बका.’ टी-शर्टवर बका होतं, कॉफीच्या पुड्यांवर बका होतं, शववाहिकेवरसुद्धा बका होतं, आणि तिथे ते जरा आशादायक वाटायचं. दरवर्षी फिएस्ताला, म्हणजे गावच्या संताच्या उत्सवात, चौकात पोलोन्योच्या अटकेचं नाटक व्हायचं. पोलोन्योचं काम करायचा मान दिमाहुली घराण्याचा. यानो ते काम कॉलेज सुटल्यापासून करत आला होता. शब्दाआधी तो लांब थांबायचा, डावी भुवई वर न्यायचा आणि मग टाकायचा: बका. मागच्या वर्षी दोन बायका चक्कर येऊन पडल्या होत्या. एकीने नंतर सांगितलं की ऊन होतं.

आता अडचण सुरू झाली ती लोला सिद्रामुळे. लोला म्हणजे आजी. ही यानोच्या आजोबांची बहीण, वय नव्वदीच्या पुढे. दुकानाच्या मागच्या खोलीत राहायची आणि दिवसभर दारात बसून गिऱ्हाइकांच्या डोक्यांना नावं ठेवायची. एके सकाळी कॉफीत भात कालवून खाता खाता ती म्हणाली, “यानो, मला पाद्रेंकडे घेऊन चल.”

“बरं वाटत नाही का, लोला?”

“मला काय धाड भरलीय? मेलेल्यांच्या दिवशी चर्चमध्ये नावं वाचतात ना, त्यात मला पोलोन्यो पणजोबांचं नाव ऐकायचंय. मी वर गेले की माझी आजी पहिला प्रश्न हाच विचारणार आहे.”

पाद्रे ओनोफ्रे यांनी आधी खुर्ची दिली, मग बिस्किटं दिली, मग नकार दिला.

“लोला, माझ्या हातात असतं तर वाचलं असतं हो,” ते म्हणाले. “पण पश्चात्ताप नको का? पाप कबूल करताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पापाचा प्रकार आणि संख्या. ‘कदाचित’ हा प्रकारही नाही आणि संख्याही नाही. मी रोज कबुलीजबाब ऐकतो. ‘कदाचित’ म्हणणाऱ्याला मी परत रांगेत पाठवतो.”

“पण कदाचित म्हणालं कोण?” लोला म्हणाली.

“म्हणजे?”

“ते ‘बका’ म्हणालेच नाहीत. ‘बाका’ म्हणाले. बाऽऽका.”

पाद्रेंचं बिस्किट कॉफीत पडलं. बाका म्हणजे गाय.

“माझी आजी तिथेच उभी होती,” लोला म्हणाली. “पोलोन्योची सून. तेव्हा नवी नवरी होती. तिने या कानांनी ऐकलं. म्हणजे तिच्या कानांनी. साहेबाने विचारलं, त्या अकरांना तू मारलंस का? हे म्हणाले, गायी. गायी मारल्या, माणसं कुठली! पण दुभाष्या पडला मनिलाचा. आपलं बोलणं त्यांना आजही कळत नाही, तेव्हा काय कळणार? त्याने ऐकलं बका.”

“पण लोला,” यानो म्हणाला, “अकरा माणसं मेली अशी तक्रार होती ना?”

“तक्रार कुणी केली? गाववाल्यांनी. छाती पिटत गेले साहेबाकडे. एस्त्रेया गेली हो! कोन्सुएलो गेली हो! पोटच्या पोरीसारखी वाढवली होती हो! आता त्या स्पेनच्या माणसाने काय समजायचं?”

पाद्रेंनी बुडालेलं बिस्किट चमच्याने बाहेर काढलं. “आणि तुम्ही एवढी वर्षं गप्प बसलात?”

“मग काय सांगत फिरू? आमच्या पणजोबांनी गायी मारल्या म्हणून? घरोघर गुरांवर पोट चालणाऱ्या बातांगासमध्ये?” लोलाने इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला. “आम्हाला पोरी उजवायच्या होत्या, पाद्रे.”

“का मारल्या पण त्यांनी?” यानोने विचारलं.

“भूक. आणि थोडा स्वभाव.”

पाद्रेंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. गाय म्हटलं की प्रकार आला, ते म्हणाले. संख्या साहेबाच्या प्रश्नातच होती. म्हणजे कबुली पुरी झाली. “पण एकट्या तुमच्या शब्दावर मी कसं वाचू? ज्या तोंडाने तुमचं घराणं गावासमोर ‘बका’ म्हणत आलं, त्याच तोंडाने गावासमोर ‘बाका’ म्हणा. नाटकात. मी पहिल्या रांगेत असेन. ऐकलं, की नाव वाचतो.”

दोघांनी यानोच्या तोंडाकडे बघितलं. यानोने ते मिटून घेतलं.

परतताना तो विचार करत होता की म्हातारीला काहीतरी भास झाला असेल. खात्री करून घ्यावी म्हणून त्या आठवड्यात खुर्चीत बसेल त्याला तो विचारायला लागला, “तुमच्या घरातलं कोण मारलं होतं हो, आमच्या पोलोन्योने?”

“आमच्यातलं? छे छे,” इस्तोयकाका म्हणाले. इस्तोयकाका म्हणजे गुरांच्या बाजारातले जुने दलाल, गायीच्या दातावरून तिचा स्वभाव सांगायचे. “आमच्या पणजोबांनी त्याला धरला. ‘या, या’ म्हणाले ते आमचेच पणजोबा.”

दुसरा म्हणाला, ‘या, या’ म्हणणारी आमची पणजी. तिसऱ्याचा तर आख्खा वाडाच त्या घरात बसला होता आणि सगळे एका सुरात ‘या, या’ म्हणाले होते. गावात ‘या, या’ म्हणणारे दीडदोनशे निघाले. मेलेला एक निघेना. नाटकातले अकरा मुडदेसुद्धा शेजारच्या गावातून जेवणाच्या बोलीवर आणतात, हे यानोला आत्ता कुठे खटकलं.

तो मेयरबाईंकडे गेला. लुदिविना मेयर फिएस्ताच्या पताका मोजून घेत होत्या.

“मेयर, ते अकराजण कोण होते?”

“कोण अकरा?”

“ज्यांचे खून झाले ते.”

“अरे, ते...” बाईंनी पताका खाली ठेवली. “बाहेरगावचे होते. तुला आज काय झालंय?”

यानोने सगळं सांगून टाकलं. सांगायला नको होतं, पण त्याच्या पोटात काही राहत नसे.

“डोकं फिरलंय का तुझं?” मेयर ओरडल्या. “टी-शर्ट छापून आलेत! कमान रंगवून झालीय!”

“पण मेयर, रोमन अक्षरांत लिहिताना दोन्ही शब्द सारखेच होतात. काहीच बदलावं लागणार नाही.”

मेयरबाईंनी खिडकीतून कमानीकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. ‘सान अनिसेतोत आपले स्वागत आहे. गाय.’ त्यांनी खिडकी लावून घेतली.

“यानो, बाळा,” त्या एकदम गोड आवाजात म्हणाल्या, “तू ‘बका’ म्हणणार आहेस. छोटं. ठसक्यात. भुवईसकट. आणि हे आपल्या दोघांतच राहू दे.”

दोघांतलं ते दुपारपर्यंत बाजारात पोचलं.

दुसऱ्या दिवशी इस्तोयकाका खुर्चीत होते. अर्ध्या गालाला फेस, अर्धा गाल साफ. यानो वस्तऱ्याला धार लावत असताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, हं हं केलं, आणि सावकाश उठून उभे राहिले.

“गायी?” ते म्हणाले.

“काका, बसा तरी. अर्धी राहिलीय.”

“माणसं मारली असती तर गोष्ट वेगळी होती, यानो. माणसाचं काय, माणूस काहीतरी बोलला असेल, राग आला असेल. पण गाय? गायीने काय केलं होतं रे तुझ्या आजोबाचं?”

“काका, गायींपायी माणसाला फाशी दिली हो त्यांनी. मनिलाला नेऊन!”

“बरोबर केलं,” काका म्हणाले, आणि अर्ध्या दाढीनिशी निघून गेले. दारात थांबून त्यांनी उसासा टाकला. “आमची एस्त्रेया होती. पांढरीशुभ्र. कपाळावर चांदणी. पणजोबा मरेपर्यंत तिचं नाव घ्यायचे. पणजीचं नाव काय होतं ते मात्र कुणाला आठवत नाही.”

आणि मग सुरूच झालं. शंभर वर्षांत एका घराला एक मेलेला माणूस आठवला नव्हता, आता गायी मात्र भराभर आठवायला लागल्या. बेकरीवाल्यांची कोन्सुएलो गेली होती. शिंपिणीच्या माहेरची फिलोमेना गेली होती. दूध इतकं दाट की चमचा उभा राहायचा. हायस्कूलच्या हेडमास्तरांना तर आपल्या गायीचा आवाजही आठवत होता, जरी ती त्यांच्या जन्माआधी साठ वर्षं वारली होती. लोक यानोच्या दुकानावरून जाताना पलीकडच्या बाजूने जायला लागले. खुन्याच्या नातवाकडून मान पुढे करून दाढी करून घेणारे लोक! पाटीवरच्या टोमॅटोंकडे बघून कुणीतरी म्हणालं, “शेण काढ त्यापेक्षा.”

यानो रिकाम्या खुर्चीत स्वतःच बसला. आरशात मागे लोला दिसत होती.

“लोला, मी बाका म्हटलं तर दुकान कायमचं बसेल. बका म्हटलं तर निदान म्हणता येईल की अफवा होती. आठवड्यात विसरतील.”

“बसू दे की दुकान. मी किती वर्षं बसलेय, मला काय झालं?”

“लोला!”

“बरं बाबा.” तिने हाताची घडी घातली. “नाही जमत तर राहू दे. मी वर जाऊन सांगेन आजीला, पोराचं दुकान होतं. ती समजून घेईल. तिने सासऱ्याला दोरीने बांधून नेताना बघितलं, त्याने तिला हाक मारून सांगितलं की चुलीवरचा भात बघ करपेल, तेही तिने समजून घेतलं. हे काय मोठं आहे?”

यानोला भाताचं हे माहीत नव्हतं. नाटकात भात नव्हताच. नाटकात पोलोन्यो जाताना गडगडाटी हसायचा.

फिएस्ताच्या दिवशी चौक खचाखच भरला. बँडवाल्यांनी आधी संताचं गाणं वाजवलं, मग चुकून वाढदिवसाचं. अकरा मुडदे शेजारच्या गावातून आले, जेवले आणि ठरल्या जागी आडवे झाले. त्यातला एक खरंच झोपला. यानोने खडावा काढल्या, जोडून ठेवल्या, ‘ताओ पो!’ म्हणाला. दीडदोनशे लोक खालून ‘या, या!’ म्हणाले. त्याला बांधलं. स्पॅनिश अधिकारी म्हणजे दातांचे डॉक्टर गावदेन्स्यो. त्यांनी मिशी सावरली आणि गरजले:

“त्या अकरांना तूच मारलंस ना?”

यानो थांबला. नेहमीप्रमाणे लांब थांबला, फक्त या वेळी तो नाटकासाठी थांबला नव्हता. डावीकडे मेयरबाई दोन बोटांनी ‘छोटं, छोटं’ अशी खूण करत होत्या. पाद्रे पुढे सरकून बसले होते. त्यांच्या शेजारी लोला छत्रीखाली केळीच्या पानातला चिकट भात सोलून खात होती आणि स्टेजकडे बघतच नव्हती. बघितलं तर पोरावर दडपण येईल म्हणून बघत नव्हती. यानोला ते इतकं स्पष्ट दिसलं की त्याची भुवई वर जायची विसरली.

“बाऽऽका,” तो म्हणाला.

डॉक्टर गावदेन्स्योंचं पुढचं वाक्य पाठ होतं, म्हणून त्यांनी तेच म्हटलं. “कदाचित? अकरा जीव घेऊन वर कदाचित म्हणतोस, हरामखोरा?”

“कदाचित नाही, डॉक्टर. गाय.”

“कुणाची?” मागून इस्तोयकाका ओरडले. उरलेला गाल अजून तसाच होता. “कुणाची गाय, ते सांग ना!”

“तुमची, काका. एस्त्रेया.” यानोने बांधलेल्या हातांनीच टोपी काढायचा प्रयत्न केला, ती नाकावर आली. “पांढरीशुभ्र. माफ करा. आमच्या घराण्याकडून माफी मागतो.”

इस्तोयकाकांनी रुमाल काढला. एवढ्या वर्षांत त्यांच्याशी एस्त्रेयाबद्दल कुणी नीट बोललंच नव्हतं.

“कोन्सुएलोचं काय?” बेकरीतून आरोळी आली.

“कोन्सुएलोचीही माफी.”

“फिलोमेना!”

“फिलोमेनाची तर खासच.”

रांगच लागली. लोक उभे राहून नाव सांगायचे, रंग सांगायचे, शिंगं कशी होती ते हातांनी दाखवायचे, यानो वाकायचा. बँडवाले प्रत्येक गायीला एक दुःखाचा सूर द्यायला लागले. शववाहिकेचा ड्रायव्हर रडला. लोकांनी त्याला पहिल्यांदाच रडताना बघितलं. मुडद्यांनी विचारलं की आता आम्ही उठायचं का.

“थांबा!” पाद्रे ओनोफ्रे खुर्चीवर चढले. “चौदा झाल्या! साहेबाने अकराच विचारल्या होत्या. संख्या जुळली नाही तर कबुली बाद. बाद म्हणजे बाद!”

लोलाचा घास हातातच राहिला.

“तीन कमी करा,” पाद्रे म्हणाले. “कुणाची गाय आपोआप मेली असेल त्यांनी मनाशी विचार करा.”

कोण विचार करणार? थोड्या दिवसांपूर्वी ज्या गावाला एक गाय आठवत नव्हती, त्यातलं कुणी आता आपली गाय सोडायला तयार नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, आमच्या गायीचा आवाज मी या कानांनी ऐकलाय. शिंपीण म्हणाली, मास्तर, तुम्ही तेव्हा जन्मला तरी होतात का? स्वतः मेयरबाई स्टेजवर चढल्या. सगळ्यांना वाटलं, यानोला आता खाली ढकलणार.

“आमची रेमेदियोस अजून राहिलीय,” त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या. “तांबडी होती. तिला वगळलंत, तर मी चौकातली वीज तोडीन.”

“पंधरा!” पाद्रे ओरडले.

यानोने स्टेजवर बसकण मारली. दोरी सोडायचं कुणाला सुचलं नव्हतं. “हे बघा,” तो थकून म्हणाला, “आमच्या म्हातारीला फक्त चर्चमध्ये एक नाव ऐकायचंय. गायी तुमच्याच आहेत, सगळ्या चांगल्या होत्या. पण मारणारा आमचा होता, आणि तो बिचारा अकरांनाच पुरून उरला. त्याच्या अंगावर जास्तीचं ढकलू नका.”

मग कसाईआळीतला एकजण खाकरला आणि म्हणाला की आमची खरं तर ओढ्यात पडली होती. एका बाईने कबूल केलं की त्यांच्या पणजोबांनी गाय स्वतःच विकून बायकोला पोलोन्योचं नाव सांगितलं होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त पणजीला नव्हतं. तिसऱ्याची गाय खोदून खोदून विचारल्यावर रेडा निघाली. शेवटी हेडमास्तर उरले. ते खूप वेळ छताकडे बघत राहिले, पण चौकाला छत नव्हतं.

“मी ऐकलेला आवाज,” ते हळूच म्हणाले, “रेडिओवरचा असू शकेल.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांच्या तोंडून ‘असू शकेल’ निघालेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

इस्तोयकाका दुसऱ्या सकाळी उरलेला गाल घेऊन दुकानात आले. आता लोक घाबरून बसत नाहीत, यानोला तेवढं वाईट वाटतं. उलट बसल्या बसल्या सांगतात, आमची तांबडी होती, आमची बांडी होती, आणि कटिंग संपली तरी उठत नाहीत. कमानीवर जे लिहिलं होतं तेच आहे. ज्याला जसं वाचायचंय तसं तो वाचतो.

मेलेल्यांच्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्त्यांनी उकडत होतं. पाद्रे नावं वाचत होते, लोला यानोचा दंड धरून पहिल्या बाकावर बसली होती. ‘द’ आला.

“अपोलोन्यो दिमाहुली,” पाद्रेंनी वाचलं.

“काय म्हणाले?” लोला मोठ्याने म्हणाली.

पाद्रे थांबले. “अपोलोन्यो दिमाहुली, लोला.”

“हं? ऐकू नाही आलं, पाद्रे. जरा मोठ्याने.”

यानोने तिच्याकडे बघितलं. या बाईला भिंतीपलीकडे पाल चालली तरी जाग येते. तिने डोळे मिटून घेतले होते आणि दंडावरची पकड घट्ट केली होती.

“बोला की हो, पाद्रे,” यानोच म्हणाला. “म्हातारं माणूस आहे.”

पाद्रेंनी कागद खाली ठेवला, छाती भरून श्वास घेतला आणि ते नाव असं खणखणीत घेतलं की बाहेर शववाहिकेत डुलकी घेणारा ड्रायव्हर दचकून उठला.